चाक स्वस्त केलं, ट्रॉली महाग पडली

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई, नमस्कार. गोदामात माल हलवायच्या चारचाकी ट्रॉल्या आम्ही बनवतो. कारखाना वडिलांनी सुरू केला, डिझाइनही त्यांचंच. वीस-बावीस वर्षांत त्यात फारसा बदल झालेला नाही. महिन्याला दीडशेच्या आसपास ट्रॉल्या जातात. गेल्या वर्षी एकजण आमच्यासारखीच ट्रॉली १५ टक्के कमी भावात विकू लागला. मग आम्ही वरचा पत्रा २ मिमीऐवजी १.६ मिमीचा केला आणि चाकं दुसऱ्या सप्लायरकडून स्वस्तातली घेतली. खर्च साडेआठ टक्क्यांनी उतरला. पण चार महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. चाकं अडकतात, पत्र्याला पोचे येतात. दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. भाऊ म्हणतो, अजून स्वस्त केल्याशिवाय टिकणार नाही. वडील म्हणतात, मुकाट्याने जुन्यावर या. नवीन उत्पादन काढायला भांडवल नाही. आहे त्याच ट्रॉलीचं काय करू? आणि या चार महिन्यांत गेलेल्या सहाशे ट्रॉल्यांचं काय? सोबत ड्रॉइंग आणि खर्चाचा तक्ता जोडला आहे.

उत्तर:

नमस्कार. ड्रॉइंग आणि तक्ता दोन्ही पाठवलंत, फार बरं केलंत. त्यामुळे मला हवेत बोलावं लागणार नाही. तुमचा तक्ता सांगतो की एका ट्रॉलीच्या खर्चात नळ्यांचे २२ टक्के, पत्र्याचे १८, चाकांचे २२, मजुरीचे २१, रंगाचे ९ आणि बांधणी-वाहतुकीचे ८ टक्के आहेत. हे आकडे घेऊन मी दोन संध्याकाळ बसले. माझं मत आधीच सांगते: भाऊही बरोबर आहे आणि वडीलही. खर्च उतरवायलाच हवा, हे भावाचं खरं. ज्या दोन गोष्टींना तुम्ही हात लावलात त्यांना हात लावायला नको होता, हे वडिलांचं खरं. तुमची काटकसर गिऱ्हाइकाच्या नेमकी हाताशी आणि कानाशी लागली. ज्या खर्चाचा गिऱ्हाइकाला पत्ताही नसतो, तो मात्र जसाच्या तसा राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांना हवा तो माल मिळेना. तांबं नाही, विशिष्ट पोलाद नाही. मिळेल त्यावर भागवायचं. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या खरेदी विभागात लॉरेन्स माइल्स नावाचे इंजिनियर होते. ठरलेला भाग मिळत नसे, तेव्हा तो भाग जे काम करतो ते काम दुसरं काय करू शकेल, असं ते विचारायचे. युद्ध संपल्यावर लक्षात आलं की नाइलाजाने केलेले काही बदल मूळ भागापेक्षा स्वस्त होते आणि काही तर अधिक चांगलेही होते. १९४७ मध्ये माइल्स यांनी या विचाराला रीतसर पद्धतीचं रूप दिलं. पुढे तिला मूल्य विश्लेषण म्हणू लागले. भागाची किंमत कशी पाडायची, हा प्रश्न त्या पद्धतीत नंतर येतो. पहिला प्रश्न असा: हा भाग काय काम करतो, आणि त्या कामासाठी आपण किती मोजतोय?

आता हाच प्रश्न तुमच्या चाकांना विचारू. चाकाचं काम भार पेलत घरंगळणं. ट्रॉली माणूस विकत घेतो ती याच कामासाठी. खर्चातले २२ टक्के तिथे जातात, ते योग्य जागी जातात. तिथे तुम्ही हात आखडता घेतलात. शिवाय मापाचाही प्रश्न आहे. तुमच्या ट्रॉलीवर ३०० किलो भार लिहिलाय, तिचं स्वतःचं वजन धरून ३३० होतात. तुम्ही ते चाराने भागलेलं दिसतं, कारण नव्या चाकांची क्षमता ८५ किलो आहे. जमीन कुठेच पूर्ण सपाट नसते. एक चाक कधी ना कधी अधांतरी असतंच, आणि सगळा भार तिघांवर येतो. म्हणून ३३० ला तिनाने भागायचं. प्रत्येक चाक किमान ११० किलोचं हवं. जुनी चाकं १२० किलोची होती. तुमच्या वडिलांनी हे गणित केलेलं होतं.

पत्र्याचंही तसंच. २ वरून १.६ मिमीवर आलात तेव्हा वजन २० टक्के कमी झालं, पैसेही तितकेच वाचले. पण सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ०.८ चा घन ०.५१२. म्हणजे २० टक्के पत्रा वाचवताना ताठपणा जवळजवळ निम्मा गेला. पोचे येणारच होते. पातळ पत्रा वापरू नये असं माझं म्हणणं नाही. त्यात दोन-तीन पन्हळी दाबून घेतल्या असत्या तर गेलेला ताठपणा परत मिळाला असता. नुसता पातळ केला, तिथे चुकलं.

मग पैसे वाचवायचे कुठे? त्याच पत्र्यात, पण वेगळ्या जागी. ड्रॉइंगवर वरचा फलाट ९०० बाय ६०० आहे आणि चारही बाजूंनी ४० मिमीची दुमड आहे. म्हणजे कापायचा तुकडा साधारण ९८० बाय ६८० चा. तुम्ही घेता तो पत्रा २५०० बाय १२५०. त्यात असे तीनच तुकडे बसतात, कसेही आडवे-उभे लावून पाहा. वजनाने एक तृतीयांशाहून जास्त पत्रा कडेला उरतो. थोडा पट्ट्यांसाठी वापरत असाल, बाकीचा भंगारात. आता दुमड २५ मिमी करा आणि फलाटाची रुंदी ६०० ऐवजी ५७०. तुकडा होतो ९५० बाय ६२०. चार तुकड्यांचे २४८० मिमी, २५०० मध्ये बसले. तीनाचे चार झाले, म्हणजे ट्रॉलीमागे पत्रा २५ टक्के कमी लागला. पातळ करून २० टक्के वाचले होते आणि गिऱ्हाईक गेलं होतं. इथे जाडी पूर्ण २ मिमी ठेवून २५ टक्के वाचतात. भंगाराचे थोडे पैसे कमी येतील, ते वजा करूनही हा व्यवहार चांगला आहे. एकच खात्री करून घ्या. रुंदीतले ३० मिमी गेल्याने कुणाची खोकी बसायची थांबतात का, ते आठ-दहा गिऱ्हाइकांना विचारा.

दुमड कमी करा असं मी बिनधास्त म्हणते, कारण खाली नळ्यांची पूर्ण चौकट आहे. भार ती चौकट घेते. ४० मिमीची दुमड सध्या फक्त कड झाकायचं काम करते. एकाच कामाला दोन भाग जुंपलेले दिसले की तिथे खर्च दडलेला असतो. कधीतरी उलट बाजूनेही विचार करून बघा: दुमड खोल ठेवायची, चाकांसाठी खाली दोन आडवे चॅनेल द्यायचे आणि नळ्यांची चौकट काढूनच टाकायची. नळ्यांवर २२ टक्के जातात, तेव्हा हा रस्ता मोठ्या फायद्याचा असू शकतो. पण तो बदल मोठा आहे, त्याच्या चाचण्या नीट कराव्या लागतील. आधी पहिला करा, दुसरा पुढच्या वर्षी.

जिथे माल जाड तिथे आकार आटवायचा, ही युक्ती जुनी आहे. शीतपेयाचा अॅल्युमिनियमचा डबा पाहा. त्याचं झाकण भिंतीपेक्षा बरंच जाड असतं. डबे बनवणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत मान आवळत आवळत झाकणाचा व्यास टप्प्याटप्प्याने कमी केला. आत पेय तेवढंच, आणि जाड धातूचा भाग लहान झाला. पिणाऱ्याला फरक जाणवलाही नाही. मी चांगल्या बदलाची व्याख्या अशीच करते: वापरणाऱ्याच्या हाताला तो एक तर कळू नये, किंवा कळलाच तर बरा वाटावा.

आता वेल्डिंगकडे येते, कारण मजुरीतला मोठा वाटा तिथे आहे. ड्रॉइंगवर सरसकट ६ मिमीचा टाका लिहिलाय, सगळ्या बाजूंनी. नळीची जाडी २ मिमी! २ मिमीच्या नळीला ६ मिमीच्या टाक्याने ताकद येत नाही, जोड तुटायचा तर नळीच आधी फाटेल. टाक्यात पडणारा धातू त्याच्या मापाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६ चा वर्ग ३६, ४ चा १६. टाका ४ मिमीचा केला तर निम्म्याहून कमी वायर आणि वेळ लागेल, ३ मिमीचा केला तर चौथाई. उष्णता कमी, म्हणून चौकट पिळवटणंही कमी. मग ती सरळ करायला हातोडा घेऊन बसणाऱ्या माणसाचा वेळही वाचेल. तक्त्यात 'सरळ करणे' असा वेगळा रकाना आहे आणि त्यापुढे ट्रॉलीमागे १२ मिनिटं लिहिलीत. ती १२ मिनिटं तुम्ही वेल्डिंगच्या टेबलावर स्वतःच तयार करताय. फलाटाखाली, जिथे भार नुसता बसतो, तिथे सलग टाक्याऐवजी तुटक टाका चालेल. ढकलायचा दांडा जोवर वेल्डने बसवलेला आहे, तोवर त्याच्या बुडाशी मात्र पूर्ण टाकाच हवा. तिथला जोड सुटला तर माणूस पडेल.

घासाईचंही तेच. फलाटाखालचे टाके ग्राइंडरने गुळगुळीत करता, ते कुणाला दिसतात? हात लागतो तिथे घासा, डोळा जातो तिथे घासा. बाकी वेल्डचे उडालेले छर्रे काढले की पुरे.

दांड्यात पाच भाग आहेत: दोन उभ्या नळ्या, एक आडवी, कोपऱ्यात दोन पट्ट्या. सुटे भाग कमी करण्याचा विचार जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्युहर्स्ट या अभ्यासकांनी फार नेमका मांडला. शेजारच्या दोन भागांना तीन प्रश्न विचारायचे. एकाला दुसऱ्याच्या सापेक्ष हलावं लागतं का? दोघांचा धातू वेगळा असणं गरजेचं आहे का? जोडताना किंवा दुरुस्त करताना ते वेगळे करावे लागतात का? तिन्ही उत्तरं 'नाही' आली तर ते दोन भाग एक होऊ शकतात. तुमच्या दांड्याच्या पाचही भागांना तिन्ही उत्तरं 'नाही' येतात. एकच नळी यू आकारात वाकवून घ्या. कोपऱ्यांतले जोड गेले, घासाई गेली, आणि हाताला कोपरा टोचायचाही थांबला. खर्च उतरला आणि वस्तू सुधारली, दोन्ही एकाच घावात. असे बदल आधी शोधायचे.

तो दांडा वेल्डने पक्का न करता बोल्टने बसवा, हेही सांगते. सध्या उभ्या दांड्यामुळे एका ट्रॉलीवर दुसरी रचता येत नाही, टेम्पो बहुतांशी हवाच वाहून नेतो. १९५६ मध्ये आयकिया या स्वीडनच्या फर्निचर कंपनीतले गिलिस लुंडग्रेन एक टेबल गाडीत बसेना म्हणून त्याचे पाय सोडवून बसले, आणि त्या कंपनीचा सुट्या भागांत सपाट बांधून माल पाठवायचा पायंडा तिथून पडला. तुमचा बांधणी-वाहतुकीचा खर्च ८ टक्के आहे, तो निम्म्यावर यायला हरकत नाही. दांड्याला चार बोल्ट आणि एक पाना सोबत द्या. त्यासाठी आधी बोल्टचे प्रकार आवरा. आज तुमच्या एका ट्रॉलीत चार मापांचे बोल्ट आहेत. सगळीकडे एम८, म्हणजे ८ मिमीचा बोल्ट, चालतो. तसंच एम८ साठी ८.४ मिमीचं भोक आणि ०.०५ मिमीची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलीय, त्यापायी किती भाग परत जातात ते तपासा. ट्रॉलीला ९ मिमीचं भोक पुरतं. जिथे अचूकपणाचा उपयोग नाही तिथे तो लिहून ठेवणं म्हणजे रोज दंड भरणं आहे.

इथे थोडं थांबवते, कारण आता तुम्हाला उत्साह येईल आणि प्रत्येक भाग खोगीरभरती वाटू लागेल. मला वाटला होता. उमेदीच्या काळात मी एका कारखान्यात होते. तिथे नळीच्या चौकटीला खालून चार लहान भोकं पाडत असत. त्यांत बोल्ट जात नसे, काही अडकत नसे. मी ती काढून टाकली, ड्रिलिंगची वेळ वाचली, शाबासकीही मिळाली. पावसाळा सरला तशा चौकटी आतून गंजून परत येऊ लागल्या. रंगाआधी चौकट धुवायच्या टाकीत बुडवतात, ते पाणी आणि रसायन नळीतून निथळावं म्हणून ती भोकं होती. रंगकाम करणाऱ्या माणसाला मी विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. तुमच्याही चौकटीत तशी भोकं आहेत, मी ड्रॉइंगवर पाहिलीत. त्यांना हात लावू नका. आणि कुठलाही भाग काढण्याआधी वडिलांना विचारा, तो तिथे का आला होता. 'पहिल्यापासून आहे' हे उत्तर पुरेसं धरू नका, पण त्यांना कारण आठवलं तर ते लिहून ठेवा.

जिथे माणसाचा जीव अवलंबून आहे तिथला बदल कितीही क्षुल्लक दिसो, गणित पुन्हा मांडायचं. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलातले झुलते पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ रचनेत एकच लांब सळई दोन्ही पुलांमधून जाणार होती. तिला लांबवर आटे पाडणं अवघड, म्हणून एका सळईच्या दोन केल्या. कागदावर बदल किरकोळ होता, बनवायला सोपा होता. पण त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे आधीच्या दुप्पट. ट्रॉली म्हणजे पूल नव्हे, हे मला कळतं. तरी ३०० किलोची ट्रॉली उतारावर सुटली तर खाली उभ्या माणसाचा पाय जातो. ब्रेक, दांड्याचं बूड आणि चाकाचे बोल्ट या तीन जागी बचतीचा विचार करू नका.

चाचणीबद्दल एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकेतले तेलसम्राट रॉकफेलर केरोसिनचे डबे भरण्याचं काम बघत होते, तेव्हा झाकण बंद करायला डागाचे, म्हणजे सोल्डरचे, ४० थेंब वापरत. ३८ वापरून पाहिले का, असं त्यांनी विचारलं. ३८ वर काही डबे गळले. ३९ वर एकही गळला नाही. मग ३९ ठरले. यातलं मला आवडतं ते हे की ते ३८ वर गेले, गळती पाहिली आणि परत फिरले. आणि ती गळती कारखान्यातच झाली, गिऱ्हाइकाच्या घरी नव्हे. तुम्ही नवीन चाकं थेट बाजारात पाठवलीत. यापुढे प्रत्येक बदल आधी दहा ट्रॉल्यांवर करा. दीडपट भार ठेवून रात्रभर उभ्या ठेवा. भरलेली ट्रॉली उंबऱ्यावरून शंभर वेळा न्या-आणा. दोन ट्रॉल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला महिनाभर फुकट वापरायला द्या. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळणार नाही. ड्रॉइंगवर तारीख आणि बदलाचा क्रमांक टाका.

वाचलेली मिनिटं आपोआप गल्ल्यात पडत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. वेल्डिंगला २० मिनिटं वाचली, पण पावडर कोटिंगची भट्टीच दिवसाला सहा ट्रॉल्या काढत असेल तर सहाच निघतील. वाचलेल्या वेळात वेल्डर काय करणार, ते आधी ठरवा. डायचंही तसंच. यू दांड्यासाठी नळी वाकवायची डाय, म्हणजे साचा, लागेल. तिचा खर्च दर ट्रॉलीमागे वाचणाऱ्या रकमेने भागा. उत्तर ९०० आलं तर तुमच्या खपाने सहा महिन्यांत वसूल, खुशाल करा. ९,००० आलं तर पाच वर्षं, मग बाहेरून वाकवून आणा.

आता वाचलेल्यातलं थोडं परत ट्रॉलीत घाला. जपानचे गुणवत्तेचे अभ्यासक नोरियाकी कानो यांनी १९८४ मध्ये गुणांची एक विभागणी मांडली. काही गुण असे की नसले तर माणूस चिडतो आणि असले तर बोलतही नाही. काही असे की नसले तरी चालतं, पण असले की तो खूश होऊन दुसऱ्याला सांगतो. चाक घरंगळणं पहिल्यातलं, तिथे तुम्ही घसरलात. दुसऱ्यातलं काय द्यायचं, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. एखाद्या गोदामात सकाळी जाऊन दोन तास उभे राहा. ट्रॉली विकत घेणारा मालक ऑफिसात बसलेला असतो. ती ढकलणारा काय शिव्या घालतो, ते ऐका. माझे अंदाज सांगते: चाकात दोरे आणि प्लास्टिकच्या पट्ट्या गुंततात, त्याला साधी टोपी पुरते. कोपरे भिंतीला आणि दाराला घासतात, तिथे रबर हवं. ब्रेक वाकून हाताने लावावा लागतो, तो पायाने लागायला हवा. या तिन्हींचा खर्च मिळून किरकोळ आहे.

१५ टक्के स्वस्त विकणाऱ्याशी बरोबरी करायची का, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्रात तीच भीती आहे. त्याची एक ट्रॉली विकत घ्या. तुमच्या ट्रॉलीशेजारी ती पूर्ण सोडवा आणि भागासमोर भाग मांडा. वडील, भाऊ, वेल्डर, रंगवाला, खरेदी बघणारा, सगळ्यांना बोलवा. प्रत्येक भागावर चिठ्ठी लावा: काम काय, खर्च किती. एक पूर्ण दिवस द्या. त्याने कुठे शहाणपणा केलाय आणि कुठे तुमच्यासारखाच चाकांवर हात मारलाय, ते टेबलावरच दिसेल. माझ्या हिशेबाने जुनी चाकं आणि जुना जाड पत्रा परत आणूनही वरच्या बदलांनी तुमचा खर्च आजच्याइतका किंवा त्याहून थोडा खाली येईल. भाव किती उतरवायचा ते त्या दिवसानंतर ठरवा, आत्ता नको.

राहिल्या त्या सहाशे ट्रॉल्या. याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण मी फार विचार करून देतेय. चाकं बदलून द्या. ८५ किलोच्या चाकावर ३०० किलोचा शिक्का तुम्ही मारलाय, त्यामुळे हा केवळ तक्रारीचा विषय उरलेला नाही. सगळं एकदम झेपणार नसेल तर क्रम लावा: जे पूर्ण भार टाकतात आणि ज्यांच्याकडे उतार आहे त्यांना आधी. बाकीच्यांना आजच कळवा की चाकं बदलून मिळेपर्यंत २२० किलोच्या वर भार नको, कारण ३० किलोची ट्रॉली धरून २५० होतात आणि त्याला तिनाने भागलं की ८३ येतात, म्हणजे ८५ च्या आत. नव्या सप्लायरकडे उरलेली चाकं परत जातात का पाहा. नाहीतर हलक्या भाराची, १५० किलोची छोटी ट्रॉली काढून त्यावर वापरा. आणि जी दोन गिऱ्हाइकं गेली त्यांच्याकडे फोन न करता वडिलांना घेऊन स्वतः जा, चार चाकं आणि पाना गाडीत टाकून.